आरएफकेची जमीन आणि आम्हा शेजाऱ्यांची साक्ष

वॉशिंग्टन डीसीच्या पूर्व भागात, अ‍ॅनाकोस्टिया नदीला लागून सुमारे १७४ एकरांचा एक पट्टा आहे. मधोमध आरएफके स्टेडियम आणि चहूबाजूंनी डांबरी पार्किंग. हे स्टेडियम १ ऑक्टोबर १९६१ ला सुरू झालं, १९६९ मध्ये त्याला रॉबर्ट केनेडींचं नाव दिलं गेलं. शहराची फुटबॉल टीम (अर्थात अमेरिकन फुटबॉल, आजचे कमांडर्स) १९९६ पर्यंत इथे खेळली आणि मग मेरीलँडमधल्या लँडओव्हरला निघून गेली. बेसबॉलचे नॅशनल्स २००५ ते २००७ असे तीन मोसम इथे होते. सॉकरची डीसी युनायटेड २०१७ पर्यंत टिकली. आम्ही शेजारच्या किंगमन पार्क या वस्तीत घर घेतलं तेव्हा स्टेडियमला कुलूप होतं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचं पाडकाम सुरू झालं.

त्या जागेचं पुढे काय व्हावं यावर २०२५ च्या उन्हाळ्यात सगळं शहर भांडत होतं, मीही त्यात होते. अमेरिकेत किंवा भारतात, आपल्या घराशेजारी असा मोठा प्रकल्प येऊ घातला असेल तर नेमकं काय काय करावं लागतं ते कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी जमिनीची गोष्ट, कारण ती कळल्याशिवाय बाकीचं कळत नाही. ही जमीन शहराची नव्हतीच. मालकी केंद्र सरकारची, आणि वापर फक्त स्टेडियम, करमणूक आणि मोकळ्या जागेपुरता. डीसीकरांना सिनेटर नाहीत, प्रतिनिधिगृहात आहेत त्या प्रतिनिधीला सभागृहात मतदानाचा अधिकार नाही, त्यामुळे आमच्या दारातल्या जमिनीचा निर्णय आमचं मत नसलेल्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, करायचा होता. २०२४ च्या डिसेंबरमध्ये सिनेटने विधेयक मंजूर केलं आणि ६ जानेवारी २०२५ ला अध्यक्ष बायडन यांनी त्यावर सही केली. शहराला ९९ वर्षांसाठी ताबा मिळाला. कायद्यात दोन अटी महत्त्वाच्या: नदीकाठचा भाग वगळून उरलेल्या जमिनीपैकी किमान ३० टक्के बागा आणि मोकळी जागा म्हणून राखायची, आणि स्टेडियमसाठी केंद्राचा पैसा वापरायचा नाही.

२८ एप्रिलला महापौर म्युरिएल बाउझर आणि कमांडर्स टीमचे मालक जॉश हॅरिस यांनी करार जाहीर केला. छताचं, सुमारे ६५ हजार आसनांचं स्टेडियम, उद्घाटन २०३० मध्ये. सोबत ५ ते ६ हजार घरं, दुकानं, हॉटेलं, नदीकाठची बाग, मुलांसाठी बंदिस्त क्रीडासंकुल. एकूण आकडा सुमारे ३.८ अब्ज डॉलर. त्यातले २.७ अब्ज टीम घालणार, शहर सुमारे १.१ अब्ज.

बातम्यांत सगळीकडे टीमचा आकडा ठळक होता. शहराचे १.१ अब्ज कशावर जाणार ते शोधायला मात्र मूळ कागद उघडावा लागला. स्टेडियमच्या पायाभूत कामासाठी ५० कोटी डॉलर. पार्किंगच्या इमारतींसाठी सुमारे ३५ कोटी. रस्ते, पाणी, वीज वगैरेसाठी २० कोटींच्या आसपास. क्रीडासंकुलासाठी ८ कोटी ९० लाख. पार्किंगच्या जागा ८ हजार, आणि तेही स्टेडियम-आर्मरी हे मेट्रोचं स्टेशन शेजारी असताना. स्टेशनवर तीन मार्गांच्या गाड्या थांबतात. तो कागद वाचताना माझं रक्त उसळलं ते पार्किंगच्या ओळीवर. नदीच्या काठावरचं डांबर काढून तिथे पुन्हा आठ हजार गाड्यांची सोय करायची, आणि तीही आमच्या पैशाने.

गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून ठरवलं की कराराचा सगळा मसुदा एकत्र बसून वाचायचा. रोझडेलच्या वाचनालयात बसायचो. एकजण मोठ्याने वाचायचा, बाकीचे पेन्सिलने खुणा करायचे. यात एक निवृत्त बसचालक, एक नर्स, एक कायद्याची विद्यार्थिनी आणि मी. दुसऱ्या बैठकीला लक्षात आलं की ज्या मुद्द्यांवर रस्त्यात वाद चालले होते त्यातले निम्मे मसुद्यात नव्हतेच, आणि जे मसुद्यात होतं त्यावर कुणी बोलतच नव्हतं.

उदाहरणार्थ, घरं. किमान ३० टक्के घरं परवडणारी असतील असं सगळीकडे लिहिलेलं. परवडणारी कुणाला? इथे ते कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नाच्या टक्केवारीत मोजतात, आणि हे मध्यम उत्पन्न फक्त डीसीचं धरत नाहीत, व्हर्जिनिया आणि मेरीलँडची श्रीमंत उपनगरंही त्यात येतात. चार माणसांच्या कुटुंबासाठी तो आकडा वर्षाला दीड लाख डॉलरच्या वर आहे. त्याच्या ८० टक्के कमावणाऱ्याला परवडेल असं घर आणि ३० टक्के कमावणाऱ्याला परवडेल असं घर, दोन्ही कागदावर परवडणारीच. आमच्या गटातली नर्स एका वृद्धाश्रमात काम करते. तिने हिशेब मांडून दाखवला की यातल्या कोणत्या पायरीपर्यंत तिचा पगार पोचतो. सगळ्यांनाच तो ऐकून गप्प बसावं लागलं.

दुसरी गोष्ट मुदतीची. स्टेडियमला तारीख होती, २०३०. घरांना तशी पक्की तारीख आणि ती चुकली तर दंड, असं काही आम्हाला त्या मसुद्यात स्पष्ट सापडेना. माझी लढाई तिथे ठरली. स्टेडियम होणार की नाही यावर माझ्या मताने फार फरक पडणार नव्हता. स्टेडियम उभं राहिल्यावर बाकीची जमीन वीस वर्षं पार्किंग म्हणून पडून राहील की नाही, यावर मात्र आमच्यासारख्यांनी बोलल्याने फरक पडू शकत होता.

आमच्याकडे वॉर्डाच्याही खाली एक लोकनियुक्त पातळी असते, अ‍ॅडव्हायझरी नेबरहूड कमिशन. साधारण दोन हजार रहिवाशांमागे एक आयुक्त, बिनपगारी. त्यांच्या ठरावाला शहराने विशेष वजन द्यावं असं कायदा सांगतो, म्हणजे ठराव अमान्य केला तर कारण लेखी द्यावं लागतं. शेजाऱ्यांना माझा पहिला सल्ला हाच की शहराच्या कौन्सिलपुढच्या मोठ्या सुनावणीआधी या बैठकीला जा. तिथे बोलायला वेळ मिळतो आणि समोरचा माणूस तुमच्याच रस्त्यावर राहणारा असतो.

त्या बैठकीत आमच्या गल्लीतल्या एक आजी उठल्या. किंगमन पार्क १९२८ पासून कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी वसवलेला भाग आहे आणि आजींचं घर त्यांच्या आईवडिलांनी घेतलेलं. मला वाटलं होतं त्या स्टेडियमच्या विरोधात बोलतील, कारण या भागाने बरंच सोसलंय. २००२ मध्ये याच पार्किंगमध्ये मोटारींची शर्यत भरवली होती आणि त्या आवाजाने घरांच्या काचा थरथरत होत्या, हे त्यांनीच मला सांगितलेलं. पण त्या स्टेडियमच्या बाजूने बोलल्या. जुन्या रविवारच्या सामन्यांत प्रेक्षक उड्या मारायला लागले की खालचे सज्जे खरोखर हलायचे, ते त्यांनी हात वर-खाली करून दाखवलं. मग म्हणाल्या की वॉर्ड ७ मध्ये धड भाजी मिळेल असं मोठं दुकान शोधायला बस पकडावी लागते; रिकाम्या डांबरावर दुकान उभं राहत नाही; सत्तर वर्षं ऐकतेय की नदीपलीकडच्या आणि अलीकडच्या लोकांसाठी काहीतरी होणार आहे, आता होऊ दे.

त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे आकडे होते. स्टेडियमवर घातलेला सार्वजनिक पैसा शहराला क्वचितच परत मिळतो, यावर अर्थतज्ज्ञांचं बऱ्यापैकी एकमत आहे. घरचे सामने वर्षाला आठ-नऊच. छत असल्यामुळे इतर कार्यक्रम वर्षभर होतील हा दावा वेगळा. पण भाजीच्या दुकानाचा प्रश्न त्या आकड्यांनी सुटत नाही. मी बैठक संपल्यावर आजींना म्हटलं, दुकान कुठल्या साली उघडणार हे मसुद्यात लिहून घेऊया का? त्या म्हणाल्या, ते तू कर, मी सही करते. आमची बाजू आणि त्यांची बाजू त्या एका ओळीवर जुळली.

महाराष्ट्र मंडळातले एक काका व्हर्जिनियात राहतात. चाळीस वर्षं कमांडर्सचे सामने बघतायत, नाव बदलण्याआधीपासून. गणपतीच्या तयारीच्या बैठकीत त्यांनी मला पकडलं. "अगं, टीम डीसीत परत येतेय, याचा अभिमान नको का वाटायला? लँडओव्हरला जायचं म्हणजे अर्धा दिवस गाडीत जातो. मेट्रोने सामन्याला जाता येईल!" मी म्हटलं, "काका, मेट्रोने जाणार असाल तर आठ हजार गाड्यांची जागा कशाला?" ते हसले नाहीत, विचारात पडले. मग म्हणाले, "ते खरंय. पण तू डीसीची, तुझ्या करातून. आम्हाला काय, आम्ही फक्त बघायला येणार." काकांचं हे वाक्य मी पुढे साक्षीच्या मसुद्यात घातलं, कारण प्रश्न नेमका तोच आहे: बघणारे बरेचसे व्हर्जिनिया-मेरीलँडचे, पैसे डीसीचे.

पैशाबद्दल एक बारकावा सांगते, कारण समर्थक त्यावर फार भर देत होते. ते ५० कोटी शाळांच्या किंवा दवाखान्यांच्या पैशातून येत नाहीत. २००५ पासून शहरातल्या मोठ्या उद्योगांवर बेसबॉलच्या मैदानासाठी एक शुल्क आहे. वर्षाची उलाढाल ५० लाख डॉलरच्या वर असणाऱ्यांवर. त्या मैदानाचं कर्ज फिटत आलं, म्हणून तेच शुल्क पुढे चालू ठेवून यासाठी वापरायचं. मला हा युक्तिवाद पटत नाही. शुल्क कशासाठी वापरायचं ते कौन्सिलच ठरवते, मग ते घरांसाठी का नाही ठरवता येणार? आणि काळ कोणता होता ते पाहा. केंद्र सरकारच्या नोकरकपातीने शहराचं उत्पन्न पुढच्या काही वर्षांत सुमारे एक अब्जाने घटणार असा अंदाज खुद्द शहराच्या वित्त अधिकाऱ्यांनी दिला होता. त्याच अर्थसंकल्पात हजारो लोकांना मेडिकेडमधून, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य विम्यातून, बाहेर काढण्याचा प्रस्ताव होता. दुसऱ्या बाजूला भीतीही खरी होती. २०२३ च्या शेवटी बास्केटबॉल आणि हॉकीच्या टीम पोटोमॅक नदीपलीकडे, व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाला जायला निघाल्या होत्या, तेव्हा त्यांना थांबवायला शहराला ५१ कोटी ५० लाख डॉलर मोजावे लागले. टीम गेली तर काय होतं हे ज्यांनी पाहिलं त्यांना घासाघीस करायची भीती वाटते.

कौन्सिलचे अध्यक्ष फिल मेंडेल्सन यांनी स्टेडियमचा विषय अर्थसंकल्पातून वेगळा काढला. करारातली १५ जुलैची मुदत टळली आणि टीम कुठेही गेली नाही. २० जुलैला अध्यक्ष ट्रम्प यांनी जाहीर केलं की टीमने ‘रेडस्किन्स’ हे जुनं नाव परत घेतलं नाही तर आपण हा करार अडवू शकतो. दोन दिवस सगळी चर्चा नावावर गेली. घरं, भाडं, नदी सगळं बाजूला. मला त्याचा फार संताप आला. मग २४ जुलैला मेंडेल्सन यांनी टीमशी नव्याने ठरवलेल्या अटी मांडल्या: करांतून आणि खर्चकपातीतून शहराला ३० वर्षांत जवळपास ७८ कोटी डॉलर जास्त, त्यात ५ कोटींचा स्थानिक रहिवाशांसाठीचा निधी. महापौरांचा करार आहे तसाच घ्या, नाहीतर टीम जाईल, असं आम्हाला तीन महिने सांगितलं जात होतं. आठवडाभर ताणून धरलं तर एवढं मिळालं.

सुनावणी पाच दिवसांवर होती आणि माझी साक्ष जुन्या अटींवर लिहिलेली. रात्री बसून पुन्हा लिहिली. साक्ष देणाऱ्यांना हे आवर्जून सांगते: आदल्या आठवड्यात कागद बदलतात. जुन्या कागदावर बोललात तर समोरचा पहिल्या वाक्याला कान बंद करतो.

२९ जुलैला विल्सन बिल्डिंगमध्ये, म्हणजे कौन्सिलच्या इमारतीत, सुनावणी झाली. ५०० हून अधिक लोकांनी नाव नोंदवलं होतं, काही प्रत्यक्ष, काही ऑनलाइन. एकसारखे टी-शर्ट घातलेले बांधकाम कामगार, टीमच्या जर्सीतले चाहते, व्हीलचेअरवरचे ज्येष्ठ, कडेवर बाळ घेतलेली आई. नावं गटागटाने पुकारली जात होती. टेबलाशी बसायचं, समोरचं बटण दाबलं की माइकचा दिवा लागतो, आणि वेळाचं घड्याळ उलटं धावायला लागतं.

कामगारांच्या साक्षी मी मन लावून ऐकल्या. एक वेल्डर म्हणाला की शहरातलं काम कमी झालंय, मुलाची शिकाऊ जागा याच प्रकल्पावर अवलंबून आहे. त्याच्या बोलण्यात कसलाही आव नव्हता. विरोधात बोलणाऱ्यांपैकी काहींनी त्याच्याकडे पाहून हुर्यो केली, ते मला आवडलं नाही. पोटापाण्याची बाजू हा या वादाचा अर्धा भाग आहे, तो बाजूला ठेवून शहराबद्दल बोलता येत नाही.

माझं नाव दुपार उलटल्यावर आलं. मी दोनच मागण्या केल्या. घरांच्या आणि दुकानांच्या प्रत्येक टप्प्याला कायद्यात तारीख घाला, आणि ती चुकली तर त्या तुकड्याचे विकासाचे हक्क शहराकडे परत येऊ द्या. दुसरं, पार्किंगवर जाणाऱ्या पैशातला वाटा स्टेशन आणि बससाठी वळवा. आजींचं भाजीचं दुकान त्यात होतं, काकांचं वाक्यही. मी नागरिक नाही, ग्रीन कार्डवर आहे, हे मुद्दाम सांगितलं, कारण डीसीत २०२३ पासून नागरिक नसलेल्या रहिवाशांनाही स्थानिक निवडणुकीत मत आहे. माझ्या गटातल्या शेजारच्या साक्षीदाराला सदस्यांनी प्रश्न विचारले, मला विचारला नाही. ठीक आहे. लेखी साक्ष नोंदीत जाते आणि सदस्यांचे सहायक ती वाचतात. माझ्या बाबतीत त्यांच्यातल्या एकाचा नंतर फोन आला, मुदतीच्या कलमाचे शब्द कुठून घेतले ते विचारायला. ते शब्द आमच्या कायद्याच्या विद्यार्थिनीचे होते, मी फोन तिला जोडून दिला.

साक्षी रात्रीपर्यंत चालल्या. दुसऱ्या दिवशी शहराचे अधिकारी आणि टीमचे अध्यक्ष मार्क क्लाऊस यांची पाळी होती, ते मी घरून पाहिलं. सदस्यांच्या प्रश्नांत पार्किंग, मेट्रो आणि घरांचं वेळापत्रक वारंवार येत होतं. आदल्या दिवशी लोकांनी जे टेबलावर मांडलं तेच त्यांच्या तोंडी होतं.

१ ऑगस्टचं पहिलं मतदान ९ विरुद्ध ३ झालं. दुसरं मतदान सप्टेंबरात. मधल्या काळात शहर वेगळ्याच गोष्टीत सापडलं. ११ ऑगस्टला ट्रम्प यांनी डीसीचे पोलीस आपल्या ताब्यात घेतले आणि नॅशनल गार्डच्या तुकड्या उतरवल्या. गार्डचं मुख्यालय म्हणजे डीसी आर्मरी, आरएफकेच्या अगदी शेजारी. ज्या फुटपाथवरून आम्ही पत्रकं वाटत फिरलो होतो, तिथेच लष्करी गाड्या उभ्या राहिल्या. आपल्या शहराच्या जमिनीबद्दल बोलण्याचा हक्क किती नाजूक आहे ते त्या महिन्यात अंगावर आलं. आम्ही वाचनालयातली बैठक रद्द केली नाही. त्या आठवड्यात सगळ्यात जास्त माणसं आली.

१७ सप्टेंबरला ११ विरुद्ध २ मतांनी करार मंजूर झाला. ब्रियान नॅडो आणि रॉबर्ट व्हाइट विरोधात राहिले. पहिल्या वेळी विरोधात मत दिलेले वॉर्ड ६ चे चार्ल्स अ‍ॅलन दुसऱ्या वेळी बाजूने गेले. माझ्या वाचनाप्रमाणे त्यांना हलवलं ते दोन मतदानांच्या मधल्या वाटाघाटींनी. म्हणूनच मी म्हणते की पहिल्या मतदानानंतर घरी बसू नका. बहुतेक लोक त्या रात्री हरलो किंवा जिंकलो म्हणून निघून गेले. कलमं तेव्हाच लिहिली जात होती.

स्टेडियमच्या पायाभूत कामाला ५० कोटी देणं चूक होतं हे माझं मत अजून तेच आहे. ज्या टीमचा मालक अब्जाधीश आहे तिला नदीकाठची जमीन वर्षाला एक डॉलर भाड्याने देणंही चूक. पण माझ्या गल्लीला हजारो घरं हवी आहेत, आणि ती आता कायद्याच्या कागदावर आहेत.

पुढचं काम कमी आकर्षक आहे. राजधानीच्या नियोजन आयोगापुढे रेखाटनं जातील, आराखड्याच्या बैठका होतील, झोनिंग (कुठे काय बांधता येईल ते ठरवणं) होईल. त्या ३० टक्के मोकळ्या जागेची हद्द नकाशावर कुठून कुठे जाते आणि स्टेडियमपुढचा फरशीचा चौक त्यात धरला जातो का, हा माझा पुढचा प्रश्न आहे. आजींनी त्यांचा प्रश्न वेगळ्या कागदावर लिहून माझ्याकडे दिलाय: पहिली इमारत कुठली, आणि तिच्या तळमजल्यावर काय? येत्या बैठकीत तो त्या स्वतः विचारणार आहेत. मी त्यांच्यासाठी नाव नोंदवलंय.